आठ गाड्या पुढे गेल्या होत्या

मी एका देशाच्या सैन्यासाठी गाड्या तपासल्या आणि तो देश आपला नव्हता. एवढं सांगितलं की माणसं सरसावून बसतात. भिवंडीत टेमघरच्या आमच्या गल्लीत तर काही दिवस बोलवा होती की सुजाता गुप्तहेर खात्यात लागली. प्रत्यक्षात माझं काम अगदी उघड्यावरचं होतं. हातात यादी, कपाळावर घाम आणि कपड्यांना ग्रीस.

लांबच्या देशातलं कोणी भिवंडीतून माल मागवतं तेव्हा त्याला इथे येऊन एकेक नग बघणं जमत नाही. मग तो आमच्यासारख्या तपासणी कंपनीला नेमतो. आम्ही करारातली यादी घेऊन कारखान्यात जातो. माल ओढून बघतो, भिजवतो, तापवतो, आणि ठीक वाटला तर दाखल्यावर सही करतो. त्या सहीशिवाय माल बंदराकडे हलत नाही. याला आमच्यात 'माल सोडणं' म्हणतात. सव्वीस वर्षं मी माल सोडला. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

मोठ्या देशांची सैन्यं मोठ्या कारखान्यांत जातात. छोट्या देशांची आमच्याकडे येतात. त्यांना हवं असतं ते साधंच असतं: कांबळी, तंबू, स्ट्रेचर, पाण्याच्या टाक्या, जवानांना न्यायच्या गाड्या. एकदा तंबूंची चाचणी होती. एक तास पाण्याचा मारा करायचा आणि आत थेंब पडता कामा नये, असं करारात होतं. कारखानदार म्हणाला, "मॅडम, बाहेरून बघा, भिजाल." मी आत जाऊन बसले. चाळिसाव्या मिनिटाला माझ्या मानेवर थेंब पडला. सगळ्या तंबूंची शिवण उसवून पुन्हा घालावी लागली. तिथले कारागीर पुढे कित्येक वर्षं मला 'थेंबवाली मॅडम' म्हणत. मला ते नाव आवडायचं. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांना असेच किस्से हवे होते. माझ्याकडे ते बरेच आहेत. पण लिहायला बसले की हात एकाच प्रकरणाकडे जातो.

तो देश डोंगराळ. नाव लिहीत नाही, तसं लिहून दिलेलं आहे. त्यांनी बावीस गाड्या मागवल्या होत्या. चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, मोठ्या कंपनीची आणि त्यावर जवान बसायची बॉडी बांधायची ती कोन गावातल्या एका शेडमध्ये. शेडच्या मालकांना सगळे दादूस म्हणत, म्हणजे आगरी बोलीत दादा. कल्याण रोडला लागून त्यांची भातशेती होती, तिथेच त्यांनी शेड घातली. पांढरा शर्ट, पायात साधी चप्पल, आणि वेल्डिंग नीट झालं की नाही हे ते अंगठा फिरवून सांगत. माणूस कामाला पक्का होता.

काम निम्म्यावर असताना त्या सैन्याचं पत्र आलं. प्रत्येक गाडीला जादा डिझेलच्या कॅनसाठी एक जाळी हवी. जाळी बसवायची तर ब्रेकच्या ऑइलचा पाइप होता त्या जागेवरून सरकवावा लागणार होता. शेडच्या फिटरने नवा नकाशा काढला. दादूसांनी तो माझ्यासमोर ठेवला. मी बघितला. पाइप थोडा आत सरकला होता, एवढंच. मी खाली लिहिलं, 'बदल किरकोळ, मान्य', आणि सही केली. त्या दिवशी माझ्या टेबलावर आणखी चार कारखान्यांची कामं होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

पहिल्या आठ गाड्या तयार झाल्या. करारात 'चढ-उतारावर भारासह चाचणी' असं कलम होतं. मी वाळूच्या गोण्या भरून गाड्या उड्डाणपुलावरून चढवल्या, उतरवल्या, ब्रेक मारून थांबवल्या. आठही जागच्या जागी थांबल्या. मी माल सोडला. गाड्या बोटीत चढल्या आणि त्या देशात पोचल्यासुद्धा.

उरलेल्या चौदा गाड्यांच्या वेळी त्यांचे मेजर स्वतः आले. बुटके, शांत, पन्नाशीचे. इंग्रजी हळूहळू बोलत, पण नेमकं. चहा पिताना मला म्हणाले, "आमचं सैन्य फार लहान आहे, मॅडम. गाडी चालवणारे सगळे मला नावाने माहीत आहेत." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडी उतारावर कुठे नेता?"

मी पुलाचं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आमच्या चौक्या डोंगरावर आहेत. वर जायला तीन तास. खाली यायला दोन तास, सगळा वेळ पाय ब्रेकवर."

माझा चहा तसाच राहिला. कलम माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते पुलावर उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादूसांना सांगितलं, एक गाडी भरून कसाऱ्याच्या घाटात न्यायची. ते म्हणाले, "ताई, आठ गाऱ्या सोरल्या ना तुमी? मंग आता घाट कशाला?" मी म्हटलं, न्यायची. त्यांनी फार ताणलं नाही. मेजरसाहेबांना त्यांनी वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडावर पाठवून दिलं. पाहुणचार म्हणा किंवा काही म्हणा.

गाडी चालवायला युसूफभाई होते. शेडचे जुने ड्रायव्हर. त्यांचे वडील पॉवरलूमवर कामाला म्हणून भिवंडीत आले, आणि युसूफभाई इथेच वाढले. दादूसांच्याच चाळीत राहायचे. घाट चढताना ते नातीच्या गोष्टी सांगत होते. मागे वीस माणसांच्या वजनाच्या गोण्या. इंजिन तापलं होतं, पण तक्रार काही नव्हती. वर इगतपुरीच्या बाजूला गाडी वळवली आणि लगेच उतरायला लागलो.

पहिली काही वळणं नीट गेली. मी मांडीवरच्या वहीत लिहीत होते. मग माझ्या लक्षात आलं की युसूफभाई बोलायचे थांबलेत. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. ते पेडल दाबत होते आणि पेडल थेट खाली जात होतं, पाण्यात पाय टाकावा तसं. पुढे एक टँकर होता. तो मोठा मोठा होत चालला होता.

"मॅडम, पकड़ के बैठो," ते म्हणाले. आवाज चढला नाही.

त्यांनी गिअर खाली टाकला. इंजिन ओरडलं. हँडब्रेक ओढला आणि गाडीची मागची बाजू हलली. मागच्या गोण्या सरकल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला गोण्या दिसल्या नाहीत, माणसं दिसली. युसूफभाईंनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. डावी चाकं गटारात उतरली, पत्रा खडकावर खरवडत गेला आणि आम्ही थांबलो. टँकर पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. त्याला काही कळलंही नसेल.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. माझी वही कुठे पडली होती, ते मला कळेना.  अर्ध्या तासाने युसूफभाईंनी पेडल दाबून बघितलं. पेडल कडक. जसं काही झालंच नव्हतं.

त्या कडक पेडलची मला जास्त भीती वाटली.

शेडमध्ये परतलो तेव्हा दादूसांनी स्वतः गाडी आवारात फिरवली, चार वेळा ब्रेक मारला. गाडी चारही वेळा थांबली. "ताई, ब्रेक तर बरोबर हाय. कायपन झालेला न्हाय."

मी युसूफभाईंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"युसूफ, काय झाला घाटात?" दादूसांनी विचारलं.

"कुछ नहीं, शेठ. पैर फिसला होगा मेरा."

मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडायला अंगात काही उरलं नव्हतं. आणि त्यांची चाळीतली खोली कोणाच्या मालकीची आहे, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी घरी आले. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर हात कापायचे, पण डोकं साफ होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"गरम असताना गेला आणि थंड झाल्यावर आला?"

"हो."

"ऑइल उकळलं. आत वाफ झाली. वाफ नुसती दबते गं, चाकापर्यंत जोर जात नाही. वाफ निवली की परत ऑइल, परत ब्रेक. पाइप कशाजवळून गेलाय ते बघ."

मला बघायची गरज नव्हती. नकाशा मला पाठ होता. जाळीसाठी पाइप आत सरकवला होता आणि आत तापणारा सायलेन्सर होता. त्या नकाशाखाली माझी सही होती.

मग आठ गाड्या आठवल्या. चौदा इथे उभ्या होत्या. त्या आठ पुढे गेल्या होत्या, उतार असलेल्या देशात, माझ्या सहीने.

मेजरांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन उचलला. काय बोलायचं ते मनात जुळवलं, आणि फोन खाली ठेवला. आधी खात्री करू, असं स्वतःला सांगितलं. सकाळी पाइप बघू, मग बोलू. उगाच एका सैन्याला घाबरवायचं कशाला. कारणं भराभर सुचत गेली. खरं कारण एवढंच होतं की फोन केला असता तर मला माझंच नाव सांगावं लागलं असतं. वडील समोरच बसले होते. त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले. ते दुसऱ्या दिवशीही त्यावर बोलले नाहीत. पुढे कधीच बोलले नाहीत.

सकाळी शेडमध्ये मेजर आधीच आले होते. "वज्रेश्वरीचं पाणी फार छान," ते म्हणाले. "काल कोणती गाडी नेलीत?"

मी गाडी दाखवली. घाटात जे झालं ते सांगितलं. आठ गाड्यांचं मात्र अजून माझ्या तोंडून निघेना. दादूस मध्ये पडले. ताईंना भास झाला असेल, ड्रायव्हरसुद्धा काही झालं नाही म्हणतो. हवं तर पुन्हा घाटात नेऊ, मेजरसाहेबांच्या डोळ्यांदेखत.

मेजरांनी थोडा विचार केला. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी मागे बसतो. जिथे माझे जवान बसतील तिथे."

ते मागची फळी धरून चढायला लागले. युसूफभाई किल्ली हातात घेऊन उभे होते. ते पुढे झाले आणि त्यांनी मेजरांचा दंड धरला.

"साहब, मत चढ़ो." मग दादूसांकडे वळून म्हणाले, "शेठ, ब्रेक गया था. पूरा गया था. मैंने झूठ बोला. मैं ये गाड़ी लेके नहीं जाऊँगा. आप कमरा खाली करा लो, चलेगा."

शेडमधलं वेल्डिंग थांबलं.  मग दादूस गुडघ्यांवर बसले, पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली सरकले. मीही दुसऱ्या बाजूने शिरले. पाइपच्या ज्या भागाला रबर होतं, तो सायलेन्सरच्या बाजूने पापडासारखा फुगला होता. मधली जागा मी मोजली. दोन बोटं. दादूसांनी त्या रबरावरून अंगठा फिरवला.

गाडीखालूनच त्यांनी मला हळू विचारलं, "ताई, त्या आठ गाऱ्यांना पन ह्योच पाइप हाय ना?"

"हो."

"मंग सांग त्याला. लवकर सांग."

मी बाहेर आले आणि मेजरांना सांगितलं. नकाशा, सही, पूल, सगळं. सांगताना मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "कधी कळलं तुम्हाला?"

"काल संध्याकाळी."

 मेजर फोन घेऊन बाजूला गेले.

सात गाड्या त्यांच्या डेपोत उभ्या होत्या. आठवी पहाटेच वर गेली होती. नव्या तुकडीला चौकीवर सोडायचं आणि जुन्या बावीस जणांना घेऊन खाली यायचं. वर थंडी एवढी की गाडी उभी असली तरी इंजिन चालूच ठेवतात, म्हणजे पाइप तापलेलाच. चौकीशी बोलायचं साधन म्हणजे वायरलेस. डोंगरावर ढग उतरले होते आणि वायरलेसवर नुसती खरखर येत होती.

आम्ही दादूसांच्या केबिनमध्ये बसलो. मेजर, दादूस, मी, आणि दाराशी युसूफभाई. फोन टेबलावर मधोमध. रस्त्यावरून कंटेनर जायचे आणि काच थरथरायची. मेजर घड्याळ बघत नव्हते. ते हिशेब तोंडाने करत होते. आता तुकडी उतरली असेल. आता सामान चढवत असतील. आता जेवत असतील, जेवायला वेळ लावतात, बरंच आहे.

"ड्रायव्हर कोण आहे?" मी विचारलं. न विचारता राहवेना.

त्यांनी नाव सांगितलं. "त्याच्या लग्नाला मी होतो. चांगला चालवतो. फार चांगला चालवतो." मग म्हणाले, "चांगले चालवणारे वेगात उतरतात."

दादूसांनी पाण्याचा ग्लास मेजरांपुढे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला काल संध्याकाळचा तो फोन दिसत होता. तेव्हा ही गाडी डेपोत उभी होती. एका वाक्याचं काम होतं. काही अघटित घडलं असतं तर त्याला दुसरं कोणी जबाबदार नव्हतं. फिटरही नव्हता आणि दादूसही नव्हते. मी मनात बुद्धवंदना म्हणायला घेतली, आणि लहानपणापासून पाठ असलेले शब्द मला पुढे आठवेनात.

फोन वाजला तेव्हा आम्हा चौघांपैकी कोणीच लगेच हात पुढे केला नाही. मग मेजरांनी तो उचलला. ते त्यांच्या भाषेत बोलत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न केला. चेहरा तसाच. मग त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला.

"गाडी उतरायला लागली होती," फोन ठेवून ते म्हणाले. "तेवढ्यात वायरलेस लागला. चौकीवरचा एक जवान आडवाटेने धावत खाली गेला. तिसऱ्या वळणावर रस्त्यात हात पसरून उभा राहिला."

"थांबली?" दादूसांनी विचारलं.

"तोवर ब्रेक होता. थांबली." त्यांनी हातातला ग्लास एका दमात संपवला. "बावीस जण आता पायी उतरताहेत. सामान पाठीवर. पाऊस आहे. मला शिव्या देताहेत म्हणे."

दादूस उठून बाहेर गेले. शेडच्या मागे जाऊन ते किती वेळ उभे होते, मला माहीत नाही. मी तिथेच रडले. युसूफभाईंनी माझ्याकडे पाठ केली, म्हणजे मला नीट रडता यावं.

पुढचं थोडक्यात सांगते. अहवाल मी स्वतः लिहिला, माझ्या सहीसकट आणि त्या वाया घालवलेल्या रात्रीसकट. कंपनीने मला दोन वर्षं गाड्यांवरून काढून कांबळ्यांवर ठेवलं. मी तक्रार केली नाही. दोन वर्षांनी परत बोलावलं तेव्हा जायची इच्छा नव्हती, पण गेले. त्यानंतर एकही नकाशा मी बसल्या जागी मान्य केला नाही. गाडीखाली शिरून मगच सही केली. साठीला आल्यावरसुद्धा. नवी पोरं हसायची. हसू दिलं.

दादूसांनी युसूफभाईंची खोली काढून घेतली नाही. उलट पाइप बदलायला फिटरबरोबर त्यांनाच त्या देशात पाठवलं. आठही गाड्यांचे पाइप बदलले, आणि प्रत्येक गाडी डोंगरावर नेऊन खाली उतरवली, ती युसूफभाईंनीच.

परत आल्यावर ते मला भेटायला टेमघरला आले. वडिलांशी ब्रेकबद्दल बराच वेळ बोलले. वडील आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "तो जवान उभा राहिला होता ते वळण बघितलंत?"

"देखा, मॅडम. साहब ने उतर के दिखाया."

"कसं आहे?"

"तीसरा मोड़ ठीक है. चौड़ा है, दीवार है." त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "चौथे पे दीवार नहीं है."

"किती खोल आहे?"

"मालूम नहीं," युसूफभाई म्हणाले. "मैं आठ बार वहाँ से गया. एक बार भी नीचे नहीं देखा."